प्रेस चारचा लॅपटॉप

१

पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू होत नसेल, तर शंभरातल्या नव्वद वेळा चूक माणसाची असते. हे मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो, म्हणूनच माझ्या दुकानात गर्दी नसते. कुणी विंडोजची फाईल पेनड्राइव्हवर नुसती कोंबून आणतो, पिशवीत भाजी कोंबावी तशी. कुणी मशीन कशावरून सुरू व्हायची त्या बूटच्या यादीत पेनड्राइव्ह वर घ्यायलाच विसरतो. कुणी मोबाइलवर व्हिडिओ बघून सेटिंगशी खेळतो आणि मग रडत येतो. सगळे उंटावरचे शहाणे. मशीन खोटं बोलत नाही, माणूस बोलतो. दुकान टाकायच्या आधी मी अकरा वर्षं चाकणच्या कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर काढली, तेव्हापासूनचं माझं हे मत आहे.

दुकान संत तुकाराम नगरात. दहा बाय आठचा गाळा, डाव्या हाताला पिठाची गिरणी, उजव्या हाताला इस्त्रीवाला. बायको माहेरी जाऊन वर्ष झालंय, त्यामुळे घरी जायची घाई नसते. त्या बुधवारी जेवण करून मी डबा धूत होतो, तेवढ्यात सुमनवहिनी आल्या. छातीशी कापडी पिशवी धरलेली, आत लॅपटॉप.

सुमनवहिनी म्हणजे उद्धवरावांच्या मिसेस. उद्धवराव आणि मी एकाच मशीनवर होतो, प्रेस नंबर चार. ते पहिल्या पाळीला, मी दुसऱ्या. चार वर्षांपूर्वी त्याच प्रेसवर ते गेले. तेव्हापासून वहिनी नेहरूनगरात दोन खोल्यांत मुलीला घेऊन राहतात, शिवणकाम करतात. माझ्यावर त्यांचा विश्वास. तो का, ते मला कधी कळलं नाही, आणि मी विचारायलाही गेलो नाही.

मुलीला, वर्षालीला, हिंजवडीत नोकरी लागली होती. सोमवारपासून घरी बसून ट्रेनिंग, लॅपटॉप मात्र आपला आपण आणायचा. कुदळवाडीतली भंगाराची गोदामं पाडली तेव्हा माल निघाला होता, त्यातला हा एक ओळखीच्या भंगारवाल्याने त्यांना दिलेला. वहिनींचं म्हणणं एवढंच, की सगळं पुसून नवीन विंडोज टाकून द्या. आधीच्या माणसाचं काही म्हणता काही राहू देऊ नका त्यात, असंही म्हणाल्या.

तासाभराचं काम. मी म्हटलं, शनिवारी न्या.

२

लॅपटॉप काळा, जाडजूड, कंपन्यांत असतो तसला. पेनड्राइव्ह लावला, बटण दाबलं, बूटची यादी उघडली. यादीत पेनड्राइव्ह दिसत होता. निवडला. पडदा क्षणभर मिटला आणि परत यादीवर आला.

यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. परक्या पेनड्राइव्हला अडवणारा सिक्युअर बूट बंद केला. परत तेच. पेनड्राइव्ह दुसऱ्या बाजूच्या खोबणीत लावला. तेच. दुकानातल्या माझ्या मशीनला लावून बघितला, तिथे पहिल्या फटक्यात चालला. मग नवीन पेनड्राइव्ह घेऊन सगळं पहिल्यापासून भरलं, नीट, पुस्तकात लिहिल्यासारखं. लॅपटॉपने तोही बघितला, यादीत दाखवला आणि घेतला नाही. नको असलेलं ताट पाहुण्याने हाताने मागे सारावं, तसं चाललेलं. डोक्याची मंडई झाली माझ्या.

घड्याळ चुकीचं असलं तरी कधीकधी अडतं, म्हणून सेटिंगमधलं घड्याळ बघितलं. तीन वाजून वीस मिनिटं, दुपारचे. माझ्या मनगटावर पाच वाजत आले होते. मी वेळ बरोबर केली, सेव्ह केली, मशीन परत सुरू केली. तीन वीस. आतला बटणाएवढा सेल बदलला. तीन वीस. पाच मिनिटं नुसता बघत बसलो, तरी तीन वीसच. सेकंदसुद्धा पुढे सरकत नव्हता.

चिप गेली असेल, म्हटलं. भंगारातल्या मालाकडून आणखी काय अपेक्षा करायची?

मग साफ करायला लॅपटॉप आडवा धरला आणि बिजागरीच्या फटीत लाल रंग दिसला. आधी मला गंज वाटला. नखाने खरवडला तर भुगा हाताला लागला. कुंकू होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी कंपनीत खंडेनवमीची पूजा व्हायची. प्रेसला झेंडूचा हार, पत्र्याला आकार देणाऱ्या डायला हळदकुंकू. उद्धवराव एवढे देवभोळे, की लाइनवरच्या लॅपटॉपलासुद्धा कुंकू लावायचे, नेमकं डाव्या बिजागरीवर. मी दरवर्षी त्यांना टोकायचो, अहो राव, आत जाईल. ते म्हणायचे, जाऊ द्या की, देवाचंच आहे.

मी लॅपटॉप पालथा केला. खाली स्टिकरची अर्धी पट्टी उरली होती, मार्करने लिहिलेली. प्रेस चार. अक्षर माझं होतं.

३

आता या पिंपरी-चिंचवडमध्ये भंगाराला निघालेले लॅपटॉप काय कमी असतील? हजारोंनी असतील. त्यातला हाच नेमका सुमनवहिनींच्या पिशवीत का यावा? मी स्वतःला समजावलं, की एकाच कंपनीने एकदम माल काढला, तो एकाच गोदामात गेला, तिथून एकाने ओळखीत दिला. योगायोग म्हणतात याला. योगायोगाला घाबरायचं तर माणसाने घराबाहेरच पडू नये.

आणि खरं सांगायचं तर मला एका परीने बरंच वाटलं. पुसून टाक, असं वहिनी स्वतः म्हणाल्या होत्या. माझ्याइतक्या मनापासून तो लॅपटॉप पुसणारा माणूस त्यांना अख्ख्या महाराष्ट्रात मिळाला नसता.

पेनड्राइव्ह घेत नाही तर नको घेऊ देत. मी मागचं झाकण उघडलं आणि डिस्कच बाहेर काढली. जुनं जे काही असतं ते डिस्कमध्ये असतं. ती काढली की मशीन कोरी, मग तिला पेनड्राइव्हशिवाय गत्यंतर नाही. डिस्क डाव्या हातात धरून उजव्या हाताने बटण दाबलं.

या वेळी यादी आलीच नाही. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. ती पाटी मी अकरा वर्षांतली शेवटची दोन वर्षं रोज बघितली होती.

प्रेस ४. चार्ज देणार: उद्धव. वेळ: १५.२०. चार्ज घेणार, आणि पुढे मोकळी जागा. त्या जागेत पिनसाठी एक रेघ उघडझाप करत होती.

डिस्क माझ्या हातात होती. अजून कोमट होती. मी ती टेबलावर ठेवली, पडद्याकडे बघितलं, परत डिस्ककडे बघितलं. मग बटण दाबून धरलं आणि लॅपटॉप बंद केला. गिरणी सुरू होती, इस्त्रीवाल्याचा रेडिओ सुरू होता, बाहेर भाजीवाला ओरडत होता. सगळं जागच्या जागी होतं.

४

हे आता सांगावंच लागेल.

प्रेसवर एक रीत असते. ती कुठल्या नियमावलीत नाही, पण कुणी मोडत नाही. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलिव्हर, आल्याशिवाय मशीन सोडायची नाही. तो येतो, जाणारा त्याला सांगतो किती माल निघाला, डाय कुठे अडते, मग डबा उचलायचा आणि निघायचं. याला चार्ज देणं म्हणतात. रिलिव्हरला तास लागो नाहीतर दोन तास, तोवर पहिल्याने हलायचं नाही. घरून फोनवर फोन येत असले तरी माणसं उभी राहिलेली मी बघितली आहेत.

पुढे कंपनीने लाइनवर लॅपटॉप आणून ठेवला. देणाऱ्याने आपला पिन टाकायचा, घेणाऱ्याने आपला. उशीर झाला की आपोआप लेट मार्क, तीन लेट मार्कांना अर्धा दिवस गेला. आता चाकणच्या रस्त्यावर वेळेवर पोचणारा माणूस अजून जन्माला यायचाय. मग आम्हीच आमची सोय केली. प्रत्येक जोडीने एकमेकांना पिन सांगून ठेवले. रिलिव्हर अडकला की जाणाराच त्याचा पिन टाकायचा. कागदावर चार्ज दिला, प्रत्यक्षात तो येईस्तोवर उभं राहायचं. सगळी लाइन हे करायची. सुपरवायझरलाही माहीत होतं.

त्या दिवशी सव्वातीनला मी उद्धवरावांना फोन केला. म्हटलं, मोशीच्या चौकात अडकलोय, माझा पिन टाका. ते म्हणाले, टाकतो, पण आज जरा लवकर या भाऊ. साडेपाचला वर्षालीला बघायला पाहुणे येणार आहेत.

मी म्हटलं, आलोच.

मी मोशीत नव्हतो. मी इथे होतो, याच गाळ्यात. मालक शटर वरखाली करून दाखवत होता. नोकरीचा कंटाळा आला होता, स्वतःचं दुकान टाकायचं डोक्यात होतं. बोलणं जुळत आलं तसा मालकाने चहा मागवला. मी चहा प्यालो. बशीत ओतून, सावकाश.

चार वाजून दहा मिनिटांनी प्रेसने उद्धवरावांचा हात ओढला. मी गेटवर पोचलो तेव्हा ॲम्ब्युलन्स बाहेर पडत होती.

चौकशीत कागद पुढे आला. तीन वीसला रविराजने चार्ज घेतला, माझा पिन, माझं नाव. मी नाही म्हणालो असतो तर पिनांची सगळी भानगड बाहेर आली असती, नोकरी गेली असती, वर पोलीस. मी म्हटलं, हो, घेतला. मी संडासला गेलो होतो, परत आलो तर उद्धवराव मशीनवर. ते परत का आले, मला माहीत नाही. गेटचं रजिस्टर बघितलं असतं तर मी उघडा पडलो असतो, पण सुपरवायझरचीही मान त्यात अडकलेली, त्यामुळे ते कुणी मागितलंच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. अहवालात आलं, की पाळी संपल्यावर कामगार विनाकारण मशीनवर थांबला आणि स्वतःच्या बेजबाबदारपणामुळे गेला.

त्या कागदावर चार्ज घेणाऱ्याची जागा भरलेली होती. मी स्वतः बघितली होती, खाली सही केली होती. आता या पडद्यावर ती मोकळी होती.

५

गुरुवारी आमच्याकडे लाइट जाते. कारखान्यांची सुट्टी असते आणि वीजवाले त्या दिवशी कामं काढतात. गिरणी बंद, इस्त्रीवाला कोळशाची इस्त्री काढतो, मी शटर उघडून उजेडात स्क्रू पुसत बसतो.

अकराच्या सुमाराला पायाखाली ठोका लागला. आवाज असा नव्हता, फरशीतून वर आला, टाचेत. मी हातातलं काम थांबवलं. थोड्या वेळाने परत एक. प्रेसवर ज्याने काम केलंय त्याला ते मोजावं लागत नाही, अंगच मोजतं. डाय खाली येते, थांबते, वर जाते, माणूस पत्रा सरकवतो, डाय खाली येते. सात सेकंद. दोनशे टनांची प्रेस आमची, जेवताना पाण्याच्या ग्लासात वर्तुळं उठायची.

गिरणी असेल, म्हणून मी बाहेर आलो. गिरणीला कुलूप होतं. समोरच्या मेट्रोचं काही काम असेल, म्हणून रस्ता ओलांडून तिथे जाऊन उभा राहिलो. तिथे काहीच लागेना. परत गाळ्यात आलो तर टाचेत ठोका.

लॅपटॉप टेबलाच्या कडेला होता. डिस्क काढलेली. बॅटरीही मी बुधवारीच काढून खणात टाकली होती. झाकण लावलेलं होतं, आणि झाकणाच्या फटीतून पांढुरका उजेड येत होता.

मी खण उघडून बघितला. बॅटरी खणातच होती.

माणूस अशा वेळी काय करतो? मी त्याच्यावर जुनी चादर टाकली, वर प्रिंटरचा डबा ठेवला आणि शटर ओढून घरी गेलो. दिवसाढवळ्या, बारा वाजता. घरी पंखा बंद, उकडत होतं, आणि तरी मला तिथे बरं वाटलं. घरच्या फरशीत काही नव्हतं. म्हणजे माझं डोकं ठिकाणावर होतं, आणि हेच जास्त वाईट होतं.

शुक्रवारी मी दुकान उघडलंच नाही.

६

शनिवारी उघडावं लागलं, वहिनी येणार होत्या. डिस्क आणि बॅटरी परत बसवली. पेनड्राइव्ह लावला. पाटी तीच. देणार उद्धव, घेणार कुणी नाही.

वहिनी अडीचला आल्या. अजून झालं नाही, असं मी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. स्टुलावर बसल्या, पाणी मागितलं. सोमवारी लेकराची नोकरी सुरू होते, तेवढं बघा, म्हणाल्या. मग ग्लास हातात धरून रस्त्याकडे बघत बोलायला लागल्या. मला वाटलं, वर्षालीच्या नोकरीचं सांगतायत. पण वहिनी उद्धवराव गेले त्या दिवसाचं सांगत होत्या.

पाहुणे साडेपाचला आले होते. पोहे केले होते, ते गार झाले, परत गरम केले. सात वाजता पाहुणे उठले. मुलाची आत्या दारातून म्हणाली, बापालाच लेकीची पडलेली नाही, तर आपण कशाला बसायचं. त्यानंतर कंपनीतून माणूस आला. आणि मग गावाकडे, औशाला, बोलणं सुरू झालं. कुणी म्हणालं दारू, कुणी म्हणालं कंपनीत कुणीतरी बाई असेल.

"पाळी साडेतीनला सुटली," त्या म्हणाल्या. "तुम्ही चार्ज घेतला. मग हा माणूस कुणासाठी थांबला होता तिथं?"

मी पडद्याकडे बघत होतो. पडदा माझ्याकडे होता, त्यांना दिसत नव्हता.

त्या सांगत राहिल्या, की एरवी हे घरी आले की आधी मोरीत शिरायचे. निरमा घेऊन कोपरापर्यंत हात धुवायचे, तोवर कुणाशी बोलणं नाही. ग्रीसचा हात लेकराला लागू नये म्हणून. एवढं जपणारा माणूस, आणि त्याच दिवशी घर विसरला. लई राग येतो, म्हणाल्या. मेलेल्या माणसावर किती दिवस रागवायचं, पण येतो. चार वर्षांत मी फोटोला हार घातला नाही. वर्षाली भांडते, तरी नाही.

"भाऊजी, तुम्ही होता तिथं. एकदा खरं सांगा. पिले होते का?"

एक शब्द पुरेसा होता. नाही. एवढंच म्हणायचं होतं, त्याला जीभसुद्धा लागत नाही, नुसती मान हलवली तरी झालं असतं. पण नाही म्हटलं की पुढचा प्रश्न येणार होता. मग का थांबले?

मी म्हणालो, "मला माहीत नाही, वहिनी."

फरशीत ठोका लागला. ग्लासातलं पाणी हललं. वहिनींनी भिंतीकडे बघून म्हटलं, गिरणी जोरात आहे तुमच्या शेजारची. मी हो म्हणालो. गिरणीवाला समोर रस्त्यापलीकडे टपरीवर उभा राहून चहा पीत होता.

त्या उठल्या, पदर सारखा केला आणि संध्याकाळपर्यंत करा म्हणून गेल्या. त्यांची पाठ मला कोपऱ्यापर्यंत दिसत होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

७

तीनला ठोके सुरू झाले ते थांबेनात. सात सेकंद, सात सेकंद. माझ्या मनगटावर तीन वीस झाले आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच दुकानात बसून लॅपटॉपचं घड्याळ आणि माझं घड्याळ जुळलेलं बघितलं.

रेघ उघडझाप करत होती. मी काही वेडा नाही. मशीनला काय हवंय ते मला बुधवारीच कळलं होतं, मी फक्त पेनड्राइव्ह बदलत बसलो होतो. दोनच रस्ते होते. एक, शटर ओढायचं, नेहरूनगरला चालत जायचं आणि वहिनींना सांगायचं, की तो माणूस माझ्यासाठी थांबला होता. दुसरा, चार आकडे दाबायचे.

साडेतीनला मी चार आकडे दाबले. सोपं असेल ते करायचं, ही माझी जन्माची खोड. हा पिन मी कित्येक वेळा टाकला होता, उद्धवरावांनी कित्येक वेळा माझ्यासाठी टाकला होता. त्या दिवशीचा मात्र आता मी स्वतःच्या बोटाने टाकला.

ठोका थांबला. पडदा पूर्ण काळा झाला.

काळ्या पडद्यात दिसतं तसं सगळं दिसलं. माझं तोंड, मागे अर्धं शटर, शटरखालून आलेलं ऊन, आणि उन्हाच्या अलीकडे, माझ्या खांद्यामागे, कुणीतरी उभं होतं. तोंड पडद्याच्या वर गेलेलं, दिसत नव्हतं. खाकी शर्ट, पोटाशी धरलेला कॉटन वेस्टचा, हात पुसायच्या सुताचा बोळा. पाळी सुटल्यावर माणूस एकेक बोट पुसतो तशी सावकाश बोटं पुसणं चाललं होतं. एकाच हाताची. दुसरा हात मला दिसला नाही.

मी मागे वळलो नाही. डब्याची कडी वाजली. स्टीलच्या डब्याची, चार पुडांच्या. मग उन्हातून काहीतरी गेलं आणि ऊन परत नीट झालं.

पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकला. पडद्यावर निळी चौकट आली, भाषा निवडा म्हणून. घड्याळात तीन एकतीस. मग बत्तीस.

मला सुटल्यासारखं झालं, लपवत नाही. जुनं सगळं पुसलं, नवीन टाकलं, कसलीही अडचण नाही. सव्वाचारला लॅपटॉप तयार होता. चहाला जावं म्हणून उठलो आणि परत बसलो. कुणी धरलं नव्हतं. पण चालू मशीन सोडून निघताना माणूस जसं मागे वळून बघतो, तसं मी टेबलाकडे बघितलं. प्रेस सोडून चार वर्षं झाली होती, तरी सवय तीच होती. थकवा असेल, म्हटलं. परत उठलो. परत बसलो.

तेव्हा टाचेत ठोका लागला. सात सेकंदांनी दुसरा.

८

पाचला दहा कमी असताना फोन वाजला. पहिल्या पाळीची बस पावणेचारला गेटमधून निघते आणि मोशी-भोसरीमार्गे नेहरूनगरला यायला तिला तासाच्या वर लागतो. हा हिशोब मी केला नाही, तो आपोआप झाला.

वहिनींनी विचारलं, वर्षाली दुकानात आलीय का. मी नाही म्हटलं.

"मग मोरीत कोण आहे?"

आवाज घाबरलेला नव्हता. सकाळी दूधवाल्याशी बोलावं तसा साधा होता. त्या हळूहळू सांगत होत्या, मधे थांबत. दाराशी बूट काढलेत, कंपनीचे. निरमाच्या डब्याचं झाकण वाजलं. नळ सुरू आहे. ग्रीसचा वास येतोय, भाऊजी, घरभर.

नळाचा आवाज मलाही येत होता.

"विचारू का?" त्या म्हणाल्या. "इतका वेळ कुठं होता म्हणून?"

अजूनही वेळ होती. मी सांगू शकलो असतो, माझ्या तोंडून, उद्धवरावांच्या आधी. तेवढं तरी माझ्या नावावर लागलं असतं.

मी म्हणालो, "विचारा."

नळ बंद झाला. वहिनींचा आवाज फोनपासून लांब गेला. चार वर्षं ज्याला शिव्या दिल्या त्या माणसाशी बायको बोलते तसं त्या बोलल्या, रागाने आणि रडत, कुठं होता एवढा वेळ. आणि नेमका इथे ठोका पडला, मग लगेच दुसरा, टेबलावरचे स्क्रू उडाले. पलीकडचं उत्तर मला ऐकू आलं नाही.

बऱ्याच वेळाने फोनवर परत श्वास आला.

"रविराज," त्या म्हणाल्या. भाऊजी म्हणाल्या नाहीत. "तिथंच थांबा."

आणि फोन ठेवला.

नेहरूनगरहून इथे चालत दहा मिनिटं लागतात. मी थांबलो. पाच वाजले, सहा वाजले, बाहेरचे दिवे लागले. रविवारी सकाळी वर्षाली आली. लॅपटॉप उचलला, पिशवीत घातला. आई येतेय का, मी विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. जाताना शटरपाशी थांबली आणि रस्त्याकडे बघत म्हणाली, "आईनं काल पप्पांच्या फोटोला हार घातला."

लॅपटॉप गेला म्हणजे हेही जाईल असं मला वाटलं होतं. गेलं नाही. सात सेकंद, सात सेकंद. मी हात मांडीखाली दाबून बसतो, टेबलावर ठेवत नाही.

आज मंगळवार आहे. गिरणीवाला दोनदा येऊन गेला. शटर रात्रंदिवस उघडं दिसतं, तोंड बघा आरशात काय झालंय, घरी जा की राव, म्हणाला. चांगला माणूस आहे. मी त्याला म्हटलं, जातो, माझा रिलिव्हर आला की जातो.